आयनिक द्रव, सर्फॅक्टंट आणि पाणी : मिसेल कधी बनतात ते नागपूरच्या प्रयोगशाळेत मोजायचं कसं

एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) हा ऋणप्रभारी सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ. त्याच्या द्रावणात ब्युटिल साखळीचा इमिडाझोलियम आयनिक द्रव (सहज वितळणारं सेंद्रिय मीठ) थोडा टाकला की सीएमसी, म्हणजे ज्या संहतीला मिसेल (सर्फॅक्टंटच्या रेणूंचे, शेपट्या आत वळवलेले गोळे) बनू लागतात ती, खाली येते. तोच द्रव ट्रायटन एक्स-१०० या प्रभार नसलेल्या सर्फॅक्टंटमध्ये भरपूर टाकला की सीएमसी वर जाते. साखळी ब्युटिलची डोडेसिल केली तर तो स्वतःच मिसेल बनवतो, आणि मग एसडीएसशी गाठ पडल्यावर चंबूत पांढरा साका खाली बसतो. एमएस्सीच्या प्रकल्पाला हा विषय घेणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण आयनिक द्रव म्हणजे एकच एक वागणूक असं गृहीत धरलेलं असतं.

प्रत्यक्षात त्याची तीन सोंगं आहेत. शेपटी (म्हणजे ती कार्बनसाखळी) आखूड आणि मात्रा कमी असेल तर तो मिठासारखा वागतो. शेपटी आठ कार्बनांची किंवा त्याहून लांब असेल तर तो मिसेलमधला जोडीदार होतो. शेपटी आखूड पण मात्रा पाण्याच्या वजनाच्या पाव-तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली तर तो सहद्रावक होतो आणि पाण्याचा स्वभावच बदलतो. आपल्या प्रयोगात यांपैकी कोणतं सोंग आहे हे ठरवल्याशिवाय सूत्रं लावू नयेत. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीवर बेतलेली आहे.

आधी आकडे हाताशी ठेवा

२५ अंश सेल्सिअसला, शुद्ध पाण्यात, ढोबळ सीएमसी अशा : एसडीएस ८.२ मिलिमोलर, डीटॅब (बारा कार्बनांच्या शेपटीचा धनप्रभारी सर्फॅक्टंट) १५, सीटॅब (त्याचाच सोळा कार्बनांचा भाऊ) ०.९ ते १.०, ट्रायटन एक्स-१०० साधारण ०.२ ते ०.२५. आयनिक द्रवांत १-डोडेसिल-३-मेथिलइमिडाझोलियम ब्रोमाइड (यापुढे सी-१२ ब्रोमाइड) ९ ते १० मिलिमोलर, डेसिलचं ब्रोमाइड ४० च्या आसपास, ऑक्टिलचं दीडशेच्या पुढे. शेपटीत एक कार्बन वाढला की सीएमसी जवळपास निम्मी होते, म्हणून दोन कार्बनांमागे चौपटीचा फरक दिसतो. आयनी सर्फॅक्टंटचाही हाच नियम आहे. सी-१२ ब्रोमाइड हा वेगळ्या नावाने विकला जाणारा धनप्रभारी सर्फॅक्टंटच आहे असं म्हटलं तरी चालेल.

प्रकल्पासाठी सी-१२ ब्रोमाइडच घ्या. ऑक्टिल साखळीच्या इमिडाझोलियम क्लोराइडची सीएमसी २०० मिलिमोलरच्या घरात असते. एवढ्या दाट द्रावणात वाहकतेची रेषा आधीच वाकलेली असते, मोड (सीएमसीला रेषेचा चढ बदलतो ती जागा) कुठे आहे यावर दोन माणसांचं एकमत होत नाही आणि महागडा पदार्थही ग्रॅमनी जातो. ब्युटिल साखळीचा द्रव हवा असेल तर क्लोराइड किंवा ब्रोमाइड घ्या. टेट्राफ्लुओरोबोरेट आणि हेक्साफ्लुओरोफॉस्फेट यांचं पाण्यात हळूहळू विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड सुटतं, गरम केल्यावर तर जास्तच. ते काचेला आणि त्वचेला, दोघांनाही घातक. शिवाय ब्युटिलचं हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्यात फारसं विरघळतही नाही.

पाणी

नागपूरच्या नळाला येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत बसणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा. एसडीएसला कॅल्शियम चालत नाही, त्याचं कॅल्शियम लवण खाली बसतं. त्यामुळे भांडी नळाच्या पाण्याने धुतली तरी शेवटचे तीन हात ऊर्ध्वपातित पाण्याचेच हवेत.

वापरायच्या पाण्याची वाहकता २ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमीच्या खाली हवी. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी दुकानात मिळणारं पाणी या परीक्षेत पास होऊ शकतं आणि तरीही त्यात रेझिनमधून सुटलेले सेंद्रिय अंश असू शकतात. ते वाहकतेत दिसत नाहीत, पृष्ठताणात दिसतात. सोपी चाचणी अशी : स्वच्छ बाटली अर्धी भरून जोरात हलवा. बुडबुडे एक-दोन सेकंदांत फुटले तर पाणी ठीक. काठाला फेसाची कड रेंगाळली तर ते पाणी बाजूला ठेवा. २५ अंशाला पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर यायला हवा. ७१ च्या खाली आला तर पाणी, भांडं किंवा पृष्ठताण मोजायची कडी यांपैकी काहीतरी मळलेलं आहे.

आयनिक द्रव कोरडा करणं आणि खरी संहती काढणं

सी-१२ ब्रोमाइड मेणासारखं असतं आणि हवेतलं पाणी ओढतं. ६० ते ७० अंशाला, निर्वातात, २४ ते ४८ तास ठेवा. मग बाटली डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच वजन करा. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी असते म्हणून निर्धास्त राहू नका. खोलीत कूलर चालू असेल तर तिथली आर्द्रता पावसाळ्यासारखीच असते. कूलरच्या झोतात बाटली उघडली की तराजूचा आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. वजन करताना कूलर बंद ठेवा, पंखाही.

१०० मिलिमोलरचं ५० मिली मूळ द्रावण करायला सी-१२ ब्रोमाइड (रेणुभार ३३१.३) १.६५७ ग्रॅम लागतं, तेवढंच एसडीएस (२८८.४) १.४४२ ग्रॅम. आयनिक द्रवाच्या बाबतीत मात्र या आकड्यावर विश्वास टाकू नका. द्रावणातलं ब्रोमाइड सिल्व्हर नायट्रेटने मोजा. मूळ द्रावण ५.० मिली घेतलं तर ०.०२ मोलर सिल्व्हर नायट्रेट बरोबर २५.० मिली लागायला हवं. २३.८ लागलं तर द्रावण १०० नव्हे, ९५.२ मिलिमोलर आहे. एवढ्या चुकीने ९.५ ची सीएमसी १० दिसते, आणि लोक त्यावर ‘तापमानाचा परिणाम’ म्हणून परिच्छेद लिहितात. क्रोमेट दर्शकाने अंत्यबिंदू गढूळ येतो, कारण लांब शेपटीचा धनायन सिल्व्हर ब्रोमाइडचे कण तरंगतच ठेवतो. चांदीची तार लावून विभव मोजत अनुमापन केलेलं बरं.

पदार्थ प्रयोगशाळेतच बनवला असेल (१-मेथिलइमिडाझोल आणि १-ब्रोमोडोडेकेन, ७० अंश, एक-दोन दिवस) तर इथिल अॅसिटेटने किमान तीनदा धुवा. उरलेलं ब्रोमोडोडेकेन ब्रोमाइडच्या अनुमापनात पकडलं जात नाही. ते पृष्ठताणाच्या आलेखात खळगा पाडतं. त्या खळग्याबद्दल पुढे.

तापमान : इथे नागपूर आडवं येतं

पाश्चात्त्य पद्धतीत सगळं २५ अंशाला असतं. मेमध्ये पारा ४४-४५ वर असताना, फक्त तापवणारा वॉटर बाथ खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोली ३६ अंशांवर आणि मीटरवर लिहिलेलं २५, अशी नोंदवही तपासणाऱ्याला लगेच कळते. थंड करणारा सर्क्युलेटर नसेल तर सरळ ४० अंश ठरवा आणि सगळ्या मालिका त्याच तापमानाला करा. एसडीएसची सीएमसी २५ ते ४० दरम्यान थोडीच सरकते. मात्र त्याच मालिकेतले आकडे हिवाळ्यात २५ अंशाला मोजलेल्या आकड्यांशी जोडून एका आलेखात टाकू नयेत.

डिसेंबर-जानेवारीत प्रश्न उलटा असतो. सीटॅबचं क्राफ्ट तापमान (ज्याखाली सर्फॅक्टंट नीट विरघळत नाही, स्फटिक होऊन बसतो) २५ अंशांच्या आसपास, एसडीएसचं साधारण १२ ते १६. रात्रभर टेबलावर राहिलेल्या बाटलीत सकाळी तळाशी स्फटिक दिसतात, आणि घाईत वरचं द्रावण पिपेटने घेतलं जातं. ते मूळ संहतीचं नसतं. बाटली ३५ ते ४० अंशाच्या पाण्यात ठेवून पूर्ण स्वच्छ होऊ द्या, हलवा, मगच घ्या. स्फटिक दिसत नसले तरी थंडीत हे रोज करा.

आणखी एक : वाहकता मीटरची स्वयंचलित तापमान-दुरुस्ती बंद करा. ती दर अंशाला सुमारे २ टक्के असा सरधोपट हिशेब लावते आणि साध्या मिठासाठी ठरवलेली असते. मिसेलच्या द्रावणाचा तापमान-गुणांक वेगळा असतो.

वाहकतेने सीएमसी : हातचं काम

आधी सेल ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडने तपासा. २५ अंशाला १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी. मग सेल भरपूर धुवा, आणि हे ‘भरपूर’ शब्दशः घ्या. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट खोलीच्या तापमानाला जवळपास विरघळत नाही. सेलच्या फटीत राहिलेलं थोडं पोटॅशियम क्लोराइड एसडीएसमध्ये गेलं की इलेक्ट्रोडवर पांढरी पूड बसते आणि आकडे हळूहळू घसरत राहतात. विद्यार्थी मीटर बिघडला म्हणून तक्रार करतात. पीएच मीटरच्या नेहमीच्या इलेक्ट्रोडच्या आतही पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणून तो एसडीएसमध्ये बुडवला तर त्याची जोड-फट याच कारणाने तुंबते.

दुहेरी भिंतीच्या काचपात्रात २०.० मिली पाणी घ्या. तापमान स्थिर व्हायला पंधरा मिनिटं द्या. मायक्रोपिपेटने १०० मिलिमोलर द्रावणाच्या १०० मायक्रोलिटरच्या मात्रा टाकत जा. प्रत्येक मात्रेनंतर चुंबकीय ढवळणी हळू, एक मिनिट. मग ढवळणी थांबवून आकडा घ्या. जोरात ढवळलं तर फेस होतो, सर्फॅक्टंट फेसात जाऊन बसतो आणि बुडबुडे प्लॅटिनमच्या पत्र्यांना चिकटतात. एकूण ५.० मिलीपर्यंत, म्हणजे पन्नास मात्रा. कंटाळवाणं आहे, पण मोडाच्या दोन्ही बाजूंना किमान पंधरा-पंधरा बिंदू असल्याशिवाय सरळ रेषा सरळ आहे हे सिद्ध होत नाही.

संहती = मूळ संहती × टाकलेलं आकारमान ÷ (२० + टाकलेलं आकारमान). भाजकातलं ते टाकलेलं आकारमान विसरणं ही सर्वात मोठी चूक. शेवटच्या मात्रेला खरी संहती २० मिलिमोलर असते. विसरलं तर २५ निघते. सी-१२ ब्रोमाइडचा मोड साधारण २.१ मिलीला, एसडीएसचा १.८ मिलीला येतो. असा मोड मालिकेच्या मध्याआधी पडला की पुढचा चढ नीट मोजता येतो.

वाहकता विरुद्ध संहती आखा. मोडाआधीचा चढ आणि नंतरचा चढ यांचं गुणोत्तर (नंतरचा भागिले आधीचा) म्हणजे मिसेलचं आयनीभवन. एकातून वजा केलं की मिसेलला चिकटलेल्या प्रतिआयनांचा (विरुद्ध प्रभाराच्या आयनांचा) वाटा. एसडीएससाठी गुणोत्तर ०.३५ ते ०.४ येतं, सी-१२ ब्रोमाइडसाठी त्याहून कमी. इमिडाझोलियमच्या डोक्याशी ब्रोमाइड घट्ट बसतं. मोड धूसर असेल तर डोळ्याने रेषा ओढू नका. कार्पेना पद्धतीने (२००२ साली सुचवलेलं, सिग्मॉइडच्या समाकलावर आधारलेलं) सगळ्या बिंदूंना एकच वक्र बसवा.

शुद्ध आयनिक द्रव आणि शुद्ध सर्फॅक्टंट, दोन्हींच्या मालिका आधी करायच्या, प्रत्येकी तीनदा. पुस्तकातला आकडा उचलून पुढे जायचं नाही. मिश्रणाचं सगळं गणित या दोन आकड्यांवर उभं असतं.

आखूड शेपटी : मिठाचं सोंग

ब्युटिल साखळीच्या इमिडाझोलियम क्लोराइडचा परिणाम पाहायचा तर ०, ५, १०, २० आणि ५० मिलिमोलर अशा पाच पार्श्वभूमी घ्या. ब्युरेट किंवा पिपेटमधल्या एसडीएसच्या द्रावणातही आयनिक द्रव तेवढाच असला पाहिजे, नाहीतर प्रत्येक मात्रेबरोबर पार्श्वभूमी पातळ होत जाते.

२० मिलिमोलरपर्यंत वाहकता पद्धत चालते. ५० ला पार्श्वभूमीचीच वाहकता काही हजार मायक्रोसीमेन्स असते आणि त्यावर एसडीएसची काही शेकड्यांची भर. मोड दिसतो असं वाटतं, पण तो तापमानाच्या हलण्यातही दिसेल. तिथे पृष्ठताण किंवा पायरीन (ज्याच्या चमकेवरून मिसेल ओळखता येते असा रेणू) वापरा.

सोबत सोडियम क्लोराइडची समांतर मालिका कराच, त्याशिवाय निष्कर्ष लंगडा राहतो. ०.१ मोलर सोडियम क्लोराइडमध्ये एसडीएसची सीएमसी दीड मिलिमोलरच्या आसपास येते. कारण डोडेसिल सल्फेटच्या डोक्यांमधलं अपकर्षण धनायन झाकतात. आयनिक द्रवाने तेवढ्याच संहतीला याहून जास्त घट दिली, तर तो जास्तीचा भाग ब्युटिल साखळीचा : इमिडाझोलियमचा धनायन नुसता बाहेर तरंगत नाही, शेपटी आत खुपसून डोक्यांच्या मध्ये बसतो. तुलनेसाठी पोटॅशियम क्लोराइड घ्यायचं नाही. कारण वर आलंच आहे.

सीटॅबमध्ये हाच द्रव टाकला तर धनायन-धनायन एकमेकांना टाळतात. जो काही परिणाम होतो तो क्लोराइड किंवा ब्रोमाइडचा, आणि तो साध्या मिठाइतकाच. ट्रायटनमध्ये झाकायला प्रभारच नाही, म्हणून कमी मात्रेला फारसं काही होत नाही. मात्रा वाढवत वजनाने दहा-वीस-तीस टक्क्यांवर नेली की पाणी शेपट्यांना पूर्वीइतकं नकोसं वाटेनासं होतं, शेपट्या मोकळ्या राहू शकतात, आणि सीएमसी वर सरकते, मिसेल लहान होतात. एसडीएसमध्येही पुरेशी भर घातली की आधी खाली आलेली सीएमसी परत चढू लागते. म्हणजे एकाच आलेखात मीठ आणि सहद्रावक अशी दोन सोंगं दिसतात. हा वळणबिंदू पकडणं हा स्वतंत्र प्रकल्प होऊ शकतो.

लांब शेपटी : जोडीदार

इथे दोन्ही पदार्थ मिसेल बनवणारे आहेत, म्हणून एकूण संहती बदलायची पण दोघांचं गुणोत्तर स्थिर ठेवायचं. आदर्श मिश्रणासाठी क्लिंटचं १९७५ चं सूत्र : एक भागिले मिश्र सीएमसी = (पहिल्याचा वाटा ÷ पहिल्याची सीएमसी) + (दुसऱ्याचा वाटा ÷ दुसऱ्याची सीएमसी). वाटा म्हणजे एकूण मोलांतला हिस्सा. सी-१२ ब्रोमाइड (९.५) आणि डीटॅब (१५) समसमान घेतले तर आदर्श सीएमसी ११.६ मिलिमोलर. प्रत्यक्षातही या जोडीत त्याच्या जवळपासच उत्तर येतं, कारण शेपट्या सारख्या, प्रभार सारखा, प्रतिआयनही तोच. हातखंडा बसवायला ही जोडी उत्तम. शोध लावायला नाही.

ट्रायटनबरोबर गोष्ट रंगते. उदाहरण पूर्ण करून पाहू. सी-१२ ब्रोमाइडचा वाटा ०.८, ट्रायटनचा ०.२. आदर्श सीएमसी निघते १.१३ मिलिमोलर, म्हणून एकूण १५ मिलिमोलरचं मिश्र द्रावण पुरेसं. १०० मिलिमोलर सी-१२ ब्रोमाइड ६.० मिली, २० मिलिमोलर ट्रायटन ७.५ मिली, पाण्याने ५० मिली. ट्रायटन पिपेटने घेऊ नका, मधासारखं भिंतीला चिकटतं. वजनानेच घ्या : २० मिलिमोलरच्या ५० मिलीला ०.६४७ ग्रॅम, सरासरी रेणुभार ६४७ धरून. विरघळायला वेळ लागतो, तापवण्यापेक्षा थांबा.

या जोडीला वाहकता वापरण्याचा मोह टाळा. मिसेल बहुतांश ट्रायटनची असते, तिच्यावर प्रभार विरळ असतो, ब्रोमाइड तिला फारसं धरून बसत नाही, म्हणून सीएमसी ओलांडली तरी चढ जेमतेम बदलतो. मोड नाही म्हणजे मिसेल नाही, असा निष्कर्ष काढू नका. पृष्ठताण मोजा. वरच्या ५० मिलीतून ०.०५, ०.१, ०.२, ०.३, ०.५, ०.७, ०.८५, १.०, १.३, १.८, २.५ आणि ४ मिलिमोलर अशी प्रत्येकी २५ मिलीची बारा द्रावणं होतात आणि अर्ध्याहून जास्त मूळ द्रावण उरतं.

प्लॅटिनमची कडी असलेला मीटर असेल तर दर मोजणीआधी कडी पाण्याने धुऊन ज्योतीत लाल करा. पातळाकडून दाटाकडे जा. सीएमसीखालच्या द्रावणांना पात्रात ओतल्यावर दहा-पंधरा मिनिटं स्थिर राहू द्या, पृष्ठभाग भरायला तेवढा वेळ लागतो. मीटर नसेल तर कॉलेजातला स्टॅलेग्मोमीटर (थेंब मोजून पृष्ठताण काढायची काचनळी) चालतो : पृष्ठताण = पाण्याचा पृष्ठताण × (पाण्याचे थेंब × द्रावणाची घनता) ÷ (द्रावणाचे थेंब × पाण्याची घनता). मिनिटाला दहा-पंधरा थेंबांहून वेगाने पडू देऊ नका. पाण्याचे ६० थेंब असतील तर ३६ मिलिन्यूटनच्या द्रावणाचे साधारण १२० होतात. पातळ द्रावणांत हे उपकरण थोडं जास्तच उत्तर देतं, कारण थेंब पडेपर्यंत पृष्ठभाग पुरता भरलेला नसतो. पण मोडाची जागा कामचलाऊ मिळते.

पृष्ठताण विरुद्ध संहतीचा लॉगॅरिदम आखा. उतरती रेषा आणि आडवी रेषा जिथे भेटतात ती सीएमसी. आडवी होण्याआधी वक्र खाली बुडून परत वर आला, तर तो वर उल्लेखलेला खळगा. एसडीएसच्या द्रावणात तो बहुधा डोडेकॅनॉलमुळे येतो. एसडीएसचं पाण्यात हळूहळू विघटन होऊन ते तयार होतं. एसडीएस इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकरूप करा, द्रावण ताजं करा. खळग्याचा तळ म्हणजे सीएमसी असं लिहून सुटका करून घेऊ नका.

आता समजा मोजलेली सीएमसी ०.८५ मिलिमोलर आली. आदर्श १.१३ पेक्षा कमी, म्हणजे दोघांचं जमतंय. किती, ते रुबिंगचं १९७९ चं समीकरण सांगतं. मिसेलमधला आयनिक द्रवाचा वाटा क्ष मानला, तर

क्ष² × लॉन[(०.८ × ०.८५) ÷ (९.५ × क्ष)] आणि (१ − क्ष)² × लॉन[(०.२ × ०.८५) ÷ (०.२५ × (१ − क्ष))]

ही दोन्ही पदं समान व्हायला हवीत. इथे लॉन म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. एक्सेलमध्ये गोल सीक वापरा किंवा हातानेच किमती घालून पाहा : ०.२० ला फरक धन, ०.२५ ला ऋण, ०.२३७ ला जवळपास शून्य. मग बीटा (दोघांमधल्या ओढीचं माप, ऋण म्हणजे आकर्षण) = लॉन[(०.८ × ०.८५) ÷ (९.५ × ०.२३७)] ÷ (०.७६३)² = −२.१ च्या आसपास.

या आकड्यांचा अर्थ नीट वाचा. आदर्श मिसेलमध्ये आयनिक द्रवाचा वाटा ०.०९५ असता, प्रत्यक्षात ०.२४, म्हणजे अडीच पट. ट्रायटनच्या लांब ऑक्सिइथिलीन साखळ्या इमिडाझोलियम डोक्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणून ते आत यायला तयार होतात. पण याला ‘सिनर्जिझम’ म्हणण्याआधी थांबा. खऱ्या सिनर्जिझमला मिश्र सीएमसी दोन्ही शुद्ध सीएमसींच्या खाली जावी लागते, आणि त्यासाठी बीटा ऋण असून त्याचं परिमाण दोन सीएमसींच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगॅरिदमपेक्षा मोठं हवं. इथे गुणोत्तर ३८, लॉगॅरिदम ३.६, बीटा फक्त २.१. त्यामुळे आदर्शापासून ऋण विचलन, एवढंच लिहा. ऋण बीटा दिसला की सिनर्जिझमचा शिक्का मारणारे अहवाल पुष्कळ आहेत, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच पकडलं जातं.

सी-१२ ब्रोमाइडचा वाटा ०.२, ०.४, ०.६ आणि ०.९ ठेवूनही मालिका करा. बीटा प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा येईल. तो फारच भरकटला तर बहुधा शुद्ध सीएमसींपैकी एक चुकलेली आहे, आणि तीही जास्त करून ट्रायटनची, कारण ती पाव मिलिमोलरच्या आत असते.

एसडीएस आणि सी-१२ ब्रोमाइड : साका टाळायचा कसा

विरुद्ध प्रभारांची ही जोडी सर्वात जोरदार आणि सर्वात त्रासदायक. समसमान मिसळली की डोडेसिल सल्फेट आणि डोडेसिल इमिडाझोलियम यांची आयनजोडी बनते, तिला पाणी धरून ठेवू शकत नाही. गढूळपणा, साका, कधी दोन थर. सी-१२ ब्रोमाइडचा वाटा ०.३ ते ०.७ हा पट्टा सोडून द्या. ०.०५ आणि ०.१, तसंच ०.९ आणि ०.९५, अशा कडेच्या मिश्रणांवर काम करा. जास्त असलेल्या घटकाच्या ढवळत्या द्रावणात कमी असलेला थेंबाथेंबाने घाला. उलट केलं तर थेंब पडतो त्या जागी उलटं गुणोत्तर होतं, साका बनतो आणि मग विरघळता विरघळत नाही. मिश्रण रात्रभर ठेवून सकाळी पाहा. ताजं स्वच्छ द्रावण दुपारपर्यंत गढुळू शकतं.

मूळ मिश्रण १०० मिलिमोलरचं ठेवलं तर मोड पहिल्या काही मात्रांतच होऊन जातो आणि मालिका वाया जाते. वाटा ०.१ ला आदर्श सीएमसी ८.३ मिलिमोलर निघते, प्रत्यक्ष उत्तर त्याच्या बरंच खाली येतं. २० मिलिमोलरपासून सुरुवात करा, मोड फार लवकर आला तर ५ वर या.

चंबू खिडकीशी धरून पाहा. साध्या मिसेल चार-पाच नॅनोमीटरच्या, त्यांचं द्रावण पाण्यासारखं दिसतं. निळसर झाक आली तर मोठे समुच्चय आहेत, बहुधा व्हेसिकल : दोन शेपट्यांची आयनजोडी पन्हाळीसारखी न वळता पापुद्र्यासारखी पसरते आणि पापुद्रा स्वतःवर बंद होतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६०० नॅनोमीटरला शोषण नोंदवत गेलं तर संहतीनुसार हा बदल आकड्यांत पकडता येतो. डीएलएसची (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याची) सोय असेल त्या संस्थेत नमुना नेताना आधी ०.४५ मायक्रॉन गाळणीतून काढा, आणि गाळणीने नमुन्यातलं काही अडवलं का हे गाळण्याआधीच्या व नंतरच्या शोषणावरून तपासा.

रुबिंगचं बीटा इथे −१० च्याही पलीकडे जाऊ शकतं. आकडा द्या, पण सोबत हेही लिहा की मिसळताना सोडियम ब्रोमाइड मोकळं होतं, त्याचा मिठासारखा परिणाम या समीकरणात धरलेला नाही.

पायरीनबद्दल दोन सावधगिऱ्या

उद्दीपन ३३५ नॅनोमीटर, पहिलं शिखर ३७३, तिसरं ३८४. या दोन शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर (पहिलं भागिले तिसरं) पाण्यात १.८ च्या आसपास, एसडीएस मिसेलच्या आत १.१ ते १.२. पायरीन एक मायक्रोमोलरपेक्षा जास्त नको. इथेनॉलमधलं द्रावण चंबूत घालून इथेनॉल उडवा, मगच नमुना ओता, कारण इथेनॉलही सीएमसी हलवतं. इमिडाझोलियम पायरीनची चमक काही अंशी मारतो. म्हणून एकूण तीव्रतेवरून काही सांगू नका, गुणोत्तरावरूनच सांगा. आयनिक द्रव पिवळसर असेल तर त्याची स्वतःची चमक मिसळते. पायरीनविना एक कोरा नमुना घ्या आणि वजा करा.

उरलेलं कुठे टाकायचं

बेसिनमध्ये नाही. लांब शेपटीचे इमिडाझोलियम क्षार जलचरांना विषारी आहेत आणि सहज कुजत नाहीत. बेसिनमधून नाल्यात, नाल्यातून नाग नदीत, तिथून कन्हानकडे अशी त्यांची वाट आहे. सी-१२ ब्रोमाइडचा उरलेला साठा आणि एसडीएसचा उरलेला साठा वेगवेगळ्या लेबल लावलेल्या कॅनमध्ये ठेवा. एकत्र ओतले तर कॅनच्या तळाशी तोच पांढरा साका घट्ट बसतो, आणि तो खरवडण्याचं काम शेवटी प्रयोगशाळा सहायकाच्या वाट्याला येतं.